दुसऱ्या भागातली किंकाळी

४ फेब्रुवारी

आजपासून लिहायला घेतलं, कारण या घरात माझं बोलणं कुणी पुरतं ऐकून घेत नाही. मी तोंड उघडलं की हे गरम पाण्याचा पेला पुढे करतात आणि भाची म्हणते, "मावशी, आधी घसा साफ कर." वही निदान मधे बोलत नाही.

भाचीने आज दुसऱ्या भागाची सीडी आणली. पिक्चर थिएटरात लागलाच नाही, थेट दुकानाच्या फळीवर आला, तेव्हाच मी काय ते समजायला हवं होतं. तिची कॉलेजची टोळी जमली. या पोरांना पहिला भाग तोंडपाठ आहे. वेल्डिंगचा मुखवटा घातलेला माणूस होस्टेलातल्या मुलांना एकेक करून मारतो आणि शेवटी एकच मुलगी उरते, तो पिक्चर. त्या मुलीची शेवटची किंकाळी माझी. तोंड तिचं, आवाज माझा. हाच माझा धंदा आहे: पडद्यावरच्या बायकांसाठी रडायचं, कण्हायचं, हुंदके द्यायचे, आणि वेळ आली की किंकाळी फोडायची. रडायला पुष्कळ जणी मिळतात. किंकाळीला मलाच बोलावतात.

दुसरा भाग टुकार आहे. वेल्डर पहिल्या भागात तळ्यात बुडून मेला होता, तो इथे कोरडाठाक होऊन परत आलाय आणि कसा ते एकही माणूस विचारत नाही. मुलं एकटी-दुकटी तळघरात जातात, दिव्याचं बटण समोर असताना काडी ओढतात. भाचीची एक मैत्रीण वेल्डरला म्हणाली, "मार बाबा हिला, आम्हाला घरी जायचंय." सगळे खो खो हसले. मीही हसले. पण शेवट यायचा होता म्हणून दम धरून होते. शेवटी मी होते ना.

मुलगी कोपऱ्यात सापडली. तिने तोंड उघडलं. मी सरसावून बसले. किंकाळी आली आणि चष्मेवाला एक पोरगा ओरडला, "चीटिंग! ही पहिल्याच भागातली आहे!"

परत लावून पाहिली. खरंच. बारा वर्षांपूर्वीची माझीच किंकाळी उचलून चिकटवली होती. मी गेल्या जूनमध्ये आख्खी दुपार उभी राहून नवी किंकाळी दिली, ती कुठे गेली? तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पोरांना सांगायला गेले तर आवाज चिरकला आणि ती पुन्हा हसली.

हे तेवढ्यात दुकानातून आले, टीव्ही चालू बघितला आणि दारातूनच मागे फिरले. म्हणे गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काच विसरली. माझा पिक्चर लागला की यांचं काहीतरी दुकानात राहिलेलं असतंच. इतक्या वर्षांत यांनी माझी एक किंकाळी बसून ऐकलेली नाही. लाज वाटते त्यांना, दुसरं काय.

५ फेब्रुवारी

कानसेनांना फोन केला. स्टुडिओत आवाजाचं सगळं तेच बघतात, आणि पलीकडच्या खोलीत टाचणी पडली तरी त्यांना कळते म्हणून हे नाव. फोन नव्या ऑपरेटरने उचलला. म्हणाली, "बोला साहेब." लाइन अगदीच खराब आहे त्यांची.

कानसेन फोनवर आले आणि मी विषय काढताच आधी थंडी किती पडलीय ते सांगितलं, मग मुलीच्या परीक्षेचं. मी म्हटलं, "माझी जूनमधली किंकाळी का नाही वापरली?" तर म्हणाले, "बाई, एक काम आलंय, नंतर बोलू." पहिल्या भागाच्या वेळी याच माणसाने माझ्या किंकाळीनंतर कानावरचे हेडफोन काढून मला हात जोडले होते. आता मूग गिळून बसलाय.

८ फेब्रुवारी

सीडीच्या दुकानात गेले. दुसरा भाग सगळ्यात खालच्या फळीवर, फिनाइलच्या बाटलीशेजारी. मी तो उचलून वरती दर्शनी जागेवर ठेवला. दुकानदार म्हणाला, "ताई, तो नेऊ नका. लोक शिव्या घालून परत आणतात."

"तुम्ही पाहिलात?"

"अर्धा."

"अर्ध्यात काय कळतं? शेवट पाहिलात?"

"शेवटी ती पोरगी वाचते. पहिल्यातही वाचली होती. तिसऱ्यातही वाचेल."

मला एवढा राग आला की काय सांगू. पिक्चर टुकार आहे हे मला ठाऊक आहे, पण आम्ही तो घाम गाळून टुकार केलाय. त्या पोरीने खऱ्या गार पाण्यात सहा वेळा उडी मारली. रंगभूषावाल्या बाईने सगळं रक्त स्वतः ढवळलं, हात आठवडाभर लाल होते. मी म्हटलं, "याला टुकार म्हणायचा हक्क..." आणि "हक्क"वर माझा आवाज साफ गेला. नुसतीच हवा. दुकानदाराने घाबरून स्टूल दिलं. मी हाताने खूण करून सांगितलं की सीडी वरच राहू दे. त्याने राहू दिली. दुकानात धूळ फार आहे.

९ फेब्रुवारी

निर्मात्याच्या ऑफिसात जाऊन धडकले. भिंतीवर पहिल्या भागाची चार पोस्टरं, दुसऱ्याचं एकही नाही. आपल्याच लेकराला बापाने ओळख देऊ नये याला काय म्हणायचं?

निर्माता म्हणाला, "बाई, मी किंकाळीत पडत नाही. मला साउंडवाल्यांनी सांगितलं, नवीन टेक खराब झालाय, जुना लावतो. मी म्हटलं लावा. कोणाला कळतंय?"

"पोरांना कळलं."

"पोरांना काय, पोरं सीडी उलटी करून बघतात." मग म्हणाला, "तिसरा भाग करायचा विचार आहे. तेव्हा बघू तुमचं."

म्हणजे तिसरा आहे. मी उठता उठता सांगितलं, "तिसऱ्यात मी नवी देणार. जुनी लावलीत तर माझ्याशी गाठ आहे." त्याने मान हलवली आणि मला लिंबाच्या गोळ्यांची डबी दिली. सगळ्यांना माझ्या घशाची एवढी काळजी का लागून राहिलीय?

१२ फेब्रुवारी

तिसऱ्या भागाची तयारी म्हणून सकाळी सराव केला. पूर्वी मी सराव करायचे तेव्हा आधी खालच्या मजल्यावर सांगून यावं लागे, नाहीतर काठ्या घेऊन माणसं यायची. एकदा तर अग्निशामकवाले आले होते. आज मी सांगून आले. खालच्या आजी दार लावून, कान झाकून बसल्या.

मी खिडक्या बंद केल्या. पाय रोवले, पोट आत घेतलं. किंकाळी घशातून येत नाही, ती बेंबीजवळून निघते, घसा हा फक्त जिना. आज जिन्यातच काहीतरी आडवं पडलं होतं. तीनदा प्रयत्न केला. थोड्या वेळाने आजी वर आल्या, म्हणाल्या, "काय गं, आज नाही का करायचा?"

मी म्हटलं, "झाला करून."

आजींनी यांना काय सांगितलं कोण जाणे, हे भर गिऱ्हाइकांच्या वेळेत दुकान बंद करून घरी आले. म्हणाले, "एकदा डॉक्टरकडे जाऊ या का?"

"मला काही झालेलं नाही."

"नाहीच झालेलं. नुसतं दाखवून येऊ."

"तुम्हाला माझं काम बंद पडलेलं हवंय. कधी आवडलंय तुम्हाला?"

हे स्वयंपाकघरात जाऊन पाणी तापवत बसले. या माणसाशी भांडणही नीट करता येत नाही.

१५ फेब्रुवारी

न कळवता स्टुडिओत गेले. कानसेन बिस्किटाच्या जाहिरातीत कुरकुर आवाज भरत होते. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "माझे जूनचे टेक लावा. ऐकल्याशिवाय उठत नाही."

त्यांनी बिस्किटाचं काम थांबवलं. मग लावले.

पहिल्या टेकमध्ये कुणीतरी बाई जड पेटी फरशीवरून ओढत होती. मी म्हटलं, "हे काय लावलंत?" कानसेनांनी पुढचे लावले. दुसरा. तिसरा. पेटीच. चौथ्याला मला कळलं की ती बाई मी आहे. माइक बिघडला असेल म्हणणार होते, पण टेकच्या आधी माझं बोलणं होतं, "घ्या हं, आता येते." ते स्वच्छ ऐकू येत होतं. माइक ठणठणीत होता. त्या दिवशी मला वाटलं होतं, मी एकापेक्षा एक देतेय. आठ टेक तसेच गेले. मी हललेही नाही. हलले असते तर रडू आलं असतं आणि रडण्याचे पैसे मी घेते, फुकट रडत नाही.

मग त्यांनी नववा लावला.

नववा सुरू झाला तसाच, खरखरीत. मधे तुटला. वाटलं संपलं. आणि जिथे तुटला तिथूनच काहीतरी वर आलं, बारीक, उघडं, ज्याला मी कधी शिकवलं नव्हतं. ते वाढतच गेलं. पहिल्या भागातली किंकाळी गोल होती, तिच्यात सोळा वर्षांची पोर घाबरली होती. ही एकदा वाचलेल्या मुलीची होती. तिला माहीत होतं पुढे काय होतं ते. माझ्या अंगावर काटा आला, आणि स्वतःच्या किंकाळीने माझ्या अंगावर कधी काटा येत नाही.

आणि ऐन टोकाला, धाड! दारावर कुणीतरी जोरात आपटलं. किंकाळी तिथेच बंद.

"हे काय?" त्या दिवशी माझ्या कानांवर पिक्चरच्या आवाजाचे हेडफोन होते, हा ठोका मला कळलाच नव्हता.

"दार," कानसेन म्हणाले. "ठोका आणि किंकाळी एकमेकांवर बसलेत. ठोका काढला तर किंकाळीचा जीवच जातो. पुष्कळ खटपट केली, बाई."

"मग मला परत बोलवायचं होतं!"

"बोलावून?" एवढंच म्हणाले, आणि बिस्किटाचा पुडा उचलून ठेवला. त्या 'बोलावून'ने मला आठ टेकपेक्षा जास्त लागलं.

मी विचारलं, "कोण होता तो? बाहेर लाल दिवा असताना दाराला हात लावणारा गाढव कोण?" स्टुडिओत रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की दाराकडे कुणी बोट करत नाही. एकदा निर्मात्याचा सासरा तासभर बाहेर उभा होता. कानसेन म्हणाले, "मी आत होतो." या माणसाला पलीकडच्या खोलीतली टाचणी कळते!

नवव्या टेकची सीडी काढून घेऊन आले.

१६ फेब्रुवारी

गाढव शोधायला पुन्हा गेले. हे म्हणाले, "कशाला, झालं ते झालं." मी म्हटलं, "माझ्या जन्माची किंकाळी कुणीतरी खांदा मारून मोडली आणि झालं ते झालं?" मग हे माझ्या चपला पुसत बसले. कधी नव्हे ते.

स्टुडिओचा वॉचमन जुना आहे. आठवून म्हणाला, "त्या दिवशी वर कोणी परकं माणूस गेलंच नाही, ताई. वहीत नाव लिहायला लावलं असतं ना मी." म्हणजे ओळखीचा. ओळखीच्यात एवढा अडाणी एकच, दिग्दर्शकाचा ड्रायव्हर. सारखा गाडीची किल्ली घेऊन वर-खाली करतो. दिग्दर्शकाला तिथूनच फोन लावला आणि त्या ड्रायव्हरची अशी खरडपट्टी काढायला लावली की बस. अर्धं मी बोलले, अर्धं आवाज गेल्यामुळे वॉचमनने माझ्या वतीने सांगितलं.

घरी येऊन यांना सगळं रंगवून सांगितलं. जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले.

१९ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंकडे गेले. माझी मी गेले, कुणी नेलं नाही. हे लिहून ठेवते.

त्यांनी नळी घालून माझा गळा आतून पडद्यावर दाखवला. आयुष्यात पहिल्यांदा पडद्यावर माझं स्वतःचं काहीतरी दिसलं. स्वरयंत्रावर गाठ आहे. धोक्याची नाही, पण काढायला हवी. ऑपरेशनपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. नंतर हळूहळू बोलता येईल.

मी विचारलं, "आणि किंकाळी?"

"तुम्ही काय काम करता?"

मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाल्या, "ते आता नाही. अजिबात नाही."

मौन पाळायचं म्हणजे भांडायचंही नाही. हे कसलं औषध! भाचीने पाटी आणि खडू आणून दिला. तेवढ्यात घरी निर्मात्याचा फोन आला, तो तिने घेतला. तिसरा भाग नक्की झालाय आणि जुनीच किंकाळी पुन्हा लावायला माझी हरकत नाही ना, असं विचारत होता. मी पाटीवर एवढं मोठं "आहे" लिहिलं की दुसऱ्या शब्दाला जागा उरली नाही. भाचीने मोठ्याने वाचून दाखवलं.

मग आतल्या खोलीत जाऊन उशीत तोंड घालून रडले. आवाज न करता रडायची सवय नव्हती.

२३ फेब्रुवारी

आज रविवार. दुपारची जेवणं झाल्यावर भाचीला पाटीवर लिहून दिलं की दुसरा भाग लाव, शेवट काढ, टीव्हीचा आवाज बंद कर. टेपरेकॉर्डरच्या सीडीच्या खणात माझी नवव्या टेकची सीडी. पडद्यावर पोरगी तोंड उघडेल त्याच क्षणी माझा नववा टेक सुरू करायचा. डिस्कवर नाही तर नाही, माझ्या घरात तरी हा पिक्चर मला हवा तसा संपेल.

हे उठायला लागले. दुकानात काहीतरी राहिलं होतं. रविवारी! मी पाटी उचलली: "बसा." खाली दोन रेघा ओढल्या. बसले, खुर्चीच्या कडेवर.

पोरीने तोंड उघडलं. भाचीने बरोबर वेळ साधली. खरखर, मग तो तुटणारा मधला भाग, मग ते वर येणारं. यांचे हात गुडघ्यांवर घट्ट आवळलेले. चेहरा असा झाला होता की मला वाटलं बंद करावं. नाही केलं. ऐकू दे. आणि मग, धाड!

भाची म्हणाली, "शी! हाच का तो मूर्ख?"

हे म्हणाले, "हो. मी."

आधी मला वाटलं चुकून बोलले. मग म्हणाले, "तुला न्यायला आलो होतो, उशीर झाला म्हणून वर आलो. जिन्यात असताना ऐकलं. तू ओरडतेस ते माहितीये मला. मला ते सहन होत नाही म्हणून मी कधी थांबत नाही. खोटं आहे हे कळतं, पण कानाला कळत नाही. पण हे तसलं नव्हतं. मला वाटलं, तू गेलीस."

मी पाटीवर लिहिलं: "लाल दिवा?"

"दिसला ना. दिसला तरी."

"मग?"

"मग काचेतून कानसेनांनी हात केला. तू पाणी पीत होतीस, हसत होतीस. मी खाली जाऊन स्कूटरवर बसलो. नंतर कळलं की तेवढा एकच टेक चांगला होता. कानसेन म्हणाले, पुढचा निघणार नाही बहुतेक. कुठल्या तोंडाने सांगू तुला?"

मला इतका राग आला की खडू मोडला. माझी शेवटची किंकाळी, माझ्याच नवऱ्याने मोडली, आणि मी त्या बिचाऱ्या ड्रायव्हरच्या नावाने शंख करत असताना हा माणूस माझ्या चपला पुसत होता! लिहायला सुरुवात केली, पुसलं, परत लिहिलं. भाची हळूच आत निघून गेली. हे मान खाली घालून बसलेले, शिक्षेची वाट बघत. पाटी केवढीशी, त्यात माझा राग मावेना. मावेपर्यंत जरा निवळला.

मी विचार करत होते. माझ्या किंकाळ्या थिएटरं भरभरून लोकांनी ऐकल्या. पाय वर घेतले, एकमेकांचे हात धरले, आणि जागचे हलले नाहीत. हलायचं कशाला, तिकीट काढलेलं असतं. सगळ्यांना माहीत होतं की कुणी मरत नाहीये. माणूस किंचाळतं ते कुणीतरी धावून यावं म्हणून, हे या धंद्यात मी पार विसरून गेले होते. साऱ्या आयुष्यात माझ्या एकाच किंकाळीला कुणीतरी आलं. दिवा बघूनही आलं. मग तो टेक खराब कसा? माझे बाकीचे सगळे टेक वाया गेले असं म्हणायला हवं.

मोडक्या खडूने लिहिलं: "ड्रायव्हरची माफी तुम्ही मागायची." यांनी पाटी हातात घेतली, वाचली आणि तोंड फिरवून चष्म्याच्या काचा पुसायला लागले. मग मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, ज्या खांद्याने दार ठोकलं असेल असं वाटलं त्याच्यावर. चुकला असेल तर दुसरा होता.

ऑपरेशन परवा आहे. भीती वाटते, मोठ्याने वाटते. पण निर्मात्याला मी जुनी देणार नाही. तिसऱ्या भागात किंकाळी हवी असेल तर नववी घे, ठोक्यासकट घे, नाहीतर त्या पोरीला गप्प मरू दे.

भाचीला हाक मारता येत नव्हती म्हणून टाळ्या वाजवून बाहेर बोलावलं आणि पाटी दाखवली: "पुन्हा लाव. ठोका खालच्या मजल्यावर ऐकू गेला पाहिजे."